कोठीपोटातला गंधकाचा हिशेब

मेंढीच्या पोटात नळी बसवून चौथ्या कप्प्यात थेट सिस्टीन हे गंधकयुक्त अमायनो आम्ल सोडले, तर तिच्या अंगावरची लोकर जोमाने वाढते आणि त्या लोकरीतले गंधकही वाढते. ऑस्ट्रेलियातील रीस आणि शिंकेल या दोघा संशोधकांनी हे 1963 साली दाखवून दिले. दुधातले केसिन हे प्रथिन त्याच वाटेने दिले तरी परिणाम तोच. पण अशीच प्रथिने मेंढीला रीतसर तोंडावाटे चारली, तर लोकरीवर त्यांचा प्रभाव जेमतेमच दिसे. पदार्थ तोच, जनावरही तेच. फरक एवढाच, की नळीतून गेलेला घास कोठीपोटाला, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याला, वळसा घालून पुढे गेला होता.

लोकरीच्या वजनात साधारण तीन-चार टक्के गंधक असते आणि ते बहुतेक सगळे सिस्टीनच्या जोड्यांमध्ये अडकलेले असते. त्यामुळे मेंढीला सिस्टीन किती मिळाले, याची नोंद तिच्या पाठीवरच उमटते. माणसाने आहारात डाळ किंवा अंडे वाढवले, की त्यातले सिस्टीन आणि त्याच्यासारखेच गंधकयुक्त मिथिओनीन बहुतांशी त्याच्याच रक्तात उतरते. रवंथ करणाऱ्या जनावराचे तसे नाही. त्याने खाल्लेल्या प्रथिनांवर पहिला हात जंतूंचा पडतो.

मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. तापमान 39 अंशांच्या आसपास असते आणि ऑक्सिजनचा जवळपास मागमूस नसतो. एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींहून अधिक जिवाणू, लाखांच्या घरात एकपेशी प्रोटोझोआ, शिवाय कडब्याच्या काड्या पोखरणाऱ्या बुरश्या आणि मिथेन बनवणारे आर्किया. या वस्तीचा अभ्यास कसा करायचा, हे कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हंगेट यांनी शिकवले. हवेचा वारा लागताच मरणारे जंतू नळीच्या आतल्या भिंतीवर वाढवण्याची त्यांची पद्धत आजही प्रयोगशाळांत चालते आणि 1966 साली निघालेला त्यांचा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो.

या वस्तीची घडवण्याची ताकद आधी लक्षात आली. मोडण्याचा तपशील नंतर हळूहळू उलगडला. कॉर्नेल विद्यापीठात लूस्ली आणि सहकाऱ्यांनी 1949 साली मेंढ्या व शेळ्यांना असा आहार दिला, की ज्यात नायट्रोजनचा स्रोत म्हणून फक्त युरिया होता. तरीही कोठीपोटात दहाही आवश्यक अमायनो आम्ले तयार झालेली सापडली. पाठोपाठ ब्लॉक आणि स्टेकोल यांनी किरणोत्सारी गंधक घातलेले सल्फेट जनावरांना देऊन पाहिले. तेच गंधक पुढे प्रथिनांतल्या सिस्टीनमध्ये आणि मिथिओनीनमध्ये दिसले. एरवी कोणत्याही प्राण्याच्या शरीराला निर्जीव सल्फेटपासून मिथिओनीन बनवता येत नाही. गाईसाठी ते काम तिच्या पोटातले भाडेकरू करतात. फिनलंडचे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी हा विचार टोकाला नेला. प्रथिनांचा कणही नसलेल्या, युरिया आणि अमोनियम क्षारांवर उभ्या असलेल्या आहारावर त्यांनी गाई वर्षानुवर्षे सांभाळल्या. त्यांतल्या काहींनी वर्षाला चार हजार किलोहून अधिक दूध दिले, असे त्यांनी 1966 साली प्रसिद्ध केले.

असे जंतू आयते मिळालेले सिस्टीन का फोडतात? कारण ते त्यांच्या दृष्टीने खाद्यच असते.

सिस्टीन डिसल्फहायड्रेज हे विकर सिस्टीनचे एका फटक्यात तीन पदार्थ करते: पायरुवेट, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड. पायरुवेट आंबवणाच्या नेहमीच्या वाटेला लागते आणि त्यातून आम्ले व ऊर्जा मिळते. अमोनिया नायट्रोजनच्या साठ्यात जमा होतो. उरतो तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. मेगास्फेरा एल्सडेनी हा कोठीपोटातला ओळखीचा जिवाणू सिस्टीनपासून सल्फाइड बनवतो. पण हे एकट्यादुकट्याचे काम नाही. ही क्षमता अनेक जातींत विखुरलेली आहे आणि मोकळे सिस्टीन कोठीपोटातल्या द्रवात फार काळ टिकत नाही.

मिथिओनीन जरा चिवट. त्याच्या रेणूत गंधक दोन्ही बाजूंनी कार्बनला जोडलेले असते, टोकाला मिथाइल गट असतो. तो तोडायला वेगळे विकर लागते आणि तोडल्यावर थेट हायड्रोजन सल्फाइड निघत नाही. आधी मिथेनथायॉल निघते. सोबत अमोनिया आणि अल्फा-किटोब्युटिरेट. हे शेवटचे पुढे प्रोपिओनेटकडे वळते, म्हणजे गाईला त्यातून साखर बनवता येते. मिथेनथायॉलचे पुढे डायमिथाइल सल्फाइड किंवा हायड्रोजन सल्फाइड होऊ शकते. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून जो वास दिला जातो, तो याच घराण्यातल्या इथाइल मरकॅप्टनचा. अमेरिकेत झिकाकिस आणि सॉल्सबरी यांनी 1960च्या दशकाअखेर या दोन्ही आम्लांचे कोठीपोटातले भवितव्य तपासले आणि पुढच्या काही वर्षांत सॉल्सबरी यांच्याच गटाने हे वासाचे वायू मोजले. जपानमध्ये ओनोदेरा यांच्या गटाने उलट्या दिशेचा प्रवासही दाखवला: कोठीपोटातले मिश्र जंतू होमोसिस्टीन आणि सिस्टाथायोनिनपासून पुन्हा मिथिओनीन उभारतात.

मात्र चंबूतल्या प्रयोगांचे आकडे वाचताना हात जरा आखडता ठेवावा. चंबूत मोकळे मिथिओनीन भरपूर ओतले, की त्याची मोड संथ दिसते. गोठ्यात गाय जे खाते, त्यात मिथिओनीन सरकीच्या किंवा सोयाबीनच्या प्रथिनात गुंफलेले असते. आधी प्रथिन फुटून पेप्टाइड व्हायचे, मग अमायनो आम्ल, मग पुढची फोड. सरकी पेंड भाजलेली आहे की कच्ची, घास कोठीपोटात किती तास थांबतो, सोबत पीठ आहे की वाळला कडबा, यावर कोणता टप्पा अडतो ते ठरते. त्यामुळे ‘मिथिओनीन इतके टक्के नष्ट होते’ असा एकच आकडा सांगणाऱ्या पत्रकावर विश्वास टाकू नये.

अमायनो आम्लांवर सगळ्यात कडाडून तुटून पडणाऱ्या जंतूंचा शोध कॉर्नेलमध्येच जेम्स रसेल यांच्या प्रयोगशाळेत 1980च्या दशकाअखेर लागला. तोवर समज असा, की अमोनिया बनवणारे जिवाणू कोठीपोटात सगळीकडे आहेत आणि प्रत्येक जण थोडाथोडा हातभार लावतो. रसेल यांना संख्येने किरकोळ, पण वेगाने अमोनिया ओकणाऱ्या काही जाती मिळाल्या. साखरेकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. अमायनो आम्ले आणि पेप्टाइड यांवरच जगतात. मोनेन्सिन हे औषध त्यांना आवरते आणि खुराकात मोनेन्सिन घातल्यावर प्रथिने वाचतात, याचे बरेचसे उत्तर तिथे मिळाले.

सिस्टीन कोणीही फोडो, मिथिओनीन कोणीही, पाणी वा चाऱ्यातले सल्फेट कोणीही घटवो, गंधक शेवटी सल्फाइडवर येऊन उभे राहते. केंब्रिजमध्ये लुईस यांनी 1954 साली मेंढीच्या कोठीपोटात सल्फेटचे सल्फाइड होताना मोजले. कोलमन यांनी 1960 साली हे काम करणारा जिवाणू मेंढीच्याच पोटातून वेगळा काढला. पुढे त्याला डिसल्फोटोमॅक्युलम रुमिनिस हे नाव मिळाले. पशुआहाराच्या बहुतेक चर्चा प्रथिनावर सुरू होऊन प्रथिनावरच संपतात. गंधकाच्या जमाखर्चात खरे पाहण्याजोगे ठिकाण आहे ते सल्फाइडचे. इथून तो कुठे वळतो, त्यावर जनावराचे बरेवाईट ठरते.

एक वाट पुन्हा जंतूंच्याच शरीरात जाते. अमोनिया आणि ऊर्जा हाताशी असेल, तर जिवाणू सल्फाइड उचलून नवे सिस्टीन आणि त्यातून मिथिओनीन बनवतात. जंतूंचे हे प्रथिन आतड्यात पचते आणि गाईला मिळणाऱ्या अमायनो आम्लांचा मोठा वाटा त्यातूनच येतो. दुसरी वाट कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात आणि यकृतात. तिथे सल्फाइडचे सल्फेट होते, थोडे लाळेतून परत पोटात येते, थोडे मूत्रातून जाते. तिसरी ढेकरेची. जनावर ढेकर देते तेव्हा त्यातला बराच वायू श्वासनलिकेत आणि फुप्फुसात ओढला जातो. 1962 साली डोहर्टी व सहकाऱ्यांनी चाऱ्याचा वास दुधात कसा उतरतो ते तपासले, तेव्हा फुप्फुसाची ही वाटही त्यांना महत्त्वाची दिसली. लसणाच्या पातीवर चरलेल्या म्हशीच्या दुधाला वास का येतो, याचेही उत्तर बरेचसे हेच.

गंधक कमी पडले तर काय होते, हे महाराष्ट्रातल्या गोठ्यांसाठी अधिक कामाचे. कडबा, भाताचा पेंढा, उसाचे वाढे यांत प्रथिन कमी आणि गंधकही कमी. प्रथिनाची तूट भरायला युरियाप्रक्रिया केलेली वैरण किंवा युरिया-मळीची चाटण वीट सुचवली जाते. ते योग्यच आहे, पण युरियात गंधकाचा अंश नसतो. जंतूंना दर दहा-बारा भाग नायट्रोजनामागे साधारण एक भाग गंधक लागते. ते नसेल तर अमोनिया वापरलाच जात नाही आणि मूत्रातून वाया जातो. 1951 साली कॉर्नेलमध्ये युरियावर ठेवलेल्या कोकरांच्या आहारातून सल्फेट काढले, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. खनिज मिश्रणात सोडियम सल्फेटची चिमूट असणे म्हणूनच महत्त्वाचे. युरियाच्या पिशवीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

गंधकाची भूक सगळ्यात ठळक दिसते ती बुरश्यांमध्ये. एकिन, गॉर्डन आणि होगन यांनी 1983 साली गंधकाचे खत घातलेले आणि न घातलेले एकाच जातीचे गवत मेंढ्यांना चारून पाहिले. गंधक मिळालेल्या गवतावर कोठीपोटातल्या बुरश्या दाट वाढल्या. काड्यांचा चिवट भाग पोखरण्यात या बुरश्यांचा मोठा हात असल्यामुळे ही बाब कडब्यावर जगणाऱ्या जनावरांना थेट लागू पडते.

ज्वारीची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. पावसाने ताण दिला की कोवळ्या पोंग्यांत धुरिन साठते, कोठीपोटातले जंतू त्यातून सायनाइड मोकळे करतात आणि जनावराला किरळ लागते. यकृत सायनाइडला गंधक जोडून त्याचे थायोसायनेट करते, तेव्हा ते बरेचसे निरुपद्रवी होते. पशुवैद्य सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात ते गंधक पुरवण्यासाठीच. जनावर मरत नाही इतके थोडे सायनाइड रोज पोटात जात असेल, तर गंधकाचा हा खर्च रोजचाच होतो. व्हीलर आणि सहकाऱ्यांनी 1975 साली ऑस्ट्रेलियात हाच मुद्दा मांडला: ज्वारीवर चरणाऱ्या जनावरांची गंधकाची गरज सायनाइडमुळे वाढत असावी. ज्वारीत मुळातच गंधक कमी असते, ही त्यात भर.

उलट टोकाला अतिरेक. क्युबात 1960च्या दशकात बैलांना मळी भरपूर चारून मांसासाठी वाढवण्याचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. तिथे काही जनावरे आंधळी होऊ लागली, भिंतीला डोके टेकून उभी राहू लागली. मेंदूच्या बाहेरच्या थरात पेशी मेलेल्या आढळल्या. या आजाराचा संबंध बरीच वर्षे फक्त थायमिनशी, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाशी लावला जाई. पुढे कोलोरॅडोत डॅनियल गूल्ड आणि सहकाऱ्यांनी जास्त गंधकाच्या आहारावर ठेवलेल्या बैलांच्या कोठीपोटातला वायू सुईने काढून मोजला आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड प्रचंड वाढलेला सापडला. पीठ जास्त असेल तर धोका आणखी वाढतो, कारण कोठीपोट आंबट झाले की विरघळलेला सल्फाइड वायुरूपात उसळतो. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2005 साली गंधकाच्या दोन वेगवेगळ्या कमाल मर्यादा सांगितल्या: धान्यप्रधान आहारात शुष्क भागाच्या 0.3 टक्के, वैरणप्रधान आहारात 0.5 टक्के.

आज हा प्रश्न इथेनॉलने पुन्हा समोर आणला आहे. धान्यापासून इथेनॉल बनवले, की स्टार्च निघून जातो आणि उरलेल्या चोथ्यात बाकी सगळे साधारण तिपटीने दाट होते, गंधकही. शिवाय आम्लता राखण्यासाठी कारखान्यात वापरलेले सल्फ्युरिक आम्ल त्यात भर घालते. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात हे दुखणे ओळखीचे झाले. भारतातही मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल वाढले, तसा हा चोथा पेंडीच्या बाजारात उतरला. स्वस्त प्रथिन म्हणून तो वाईट मुळीच नाही. पण गाडीगणिक गंधक तपासल्याशिवाय तो अंबोणात मोकळ्या हाताने घालणे शहाणपणाचे नाही.

सल्फाइडची चौथी वाट धातूंकडे जाते. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात काही कुरणांवर चरणाऱ्या गाई हगवणीने खंगत आणि त्यांचे केस पांढुरके होत. त्या गवतात मॉलिब्डेनम जास्त आहे, हे 1938 साली कळले. तांबे दिल्यावर गाई बऱ्या होतात, हेही. पण मॉलिब्डेनम तांब्याला कसे मारते? ऑस्ट्रेलियात डिक यांनी दाखवले, की त्यासाठी सल्फेटची साथ लागते, आणि 1975 साली त्यांच्या गटाने कोडे जुळवले. कोठीपोटातला सल्फाइड मॉलिब्डेनमशी जोडला जाऊन थायोमॉलिब्डेट बनते आणि ते तांब्याला घट्ट धरून ठेवते. तेच रसायन आता मेंढीतल्या तांब्याच्या विषबाधेवर उपाय म्हणून वापरले जाते, आणि माणसातल्या विल्सन या तांबे साठण्याच्या विकारावरही ते आजमावले गेले आहे.

काही गंधकयुक्त अमायनो आम्ले प्रथिनांत नसतातच, आणि तीच कधी कधी अधिक घात करतात. कोबीवर्गी चाऱ्यात एस-मिथाइल सिस्टीन सल्फॉक्साइड असते. ते स्वतः रक्ताला फारसे अपाय करत नाही. कोठीपोटातले जंतू त्याचे डायमिथाइल डायसल्फाइड करतात आणि त्याने तांबड्या पेशी फुटतात. मूत्र लालसर होते, जनावर फिकुटते. स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेत आर. एच. स्मिथ यांनी 1970च्या दशकात हा गुन्हेगार पकडला. युरोपात केल नावाचा कोबीवर्गी चारा हिवाळ्यात चारला जातो, तिथे हा आजार जुना.

कांद्यात याच कुळातली आम्ले असतात. नाशिककडे भाव कोसळले की फुटका, सडका कांदा गुरांपुढे टाकला जातो, आणि गुरे तो आवडीने खातात. जपानमध्ये 1999 साली मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगात कोठीपोटातले जंतू प्रतिजैविकाने दडपले, तेव्हा तेवढ्याच कांद्याने झालेला रक्तक्षय सौम्य राहिला. विषाला धार येते ती जंतूंमुळे, असा त्याचा अर्थ. गाईपेक्षा मेंढी-शेळी कांदा अधिक सोसते. कांदा चारायचाच असेल, तर चिरून, दुसऱ्या वैरणीत मिसळून आणि शुष्क भागाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी, असा सल्ला गाईंसाठी दिला जातो. नुसता ढीग पुढे ओतणे म्हणजे रक्तक्षयाला आमंत्रण.

आता मूळ अडचणीकडे: चांगले मिथिओनीन जंतूंच्या तावडीतून पुढे कसे न्यावे? फर्ग्युसन, हेम्सले आणि रीस यांनी 1967 साली केसिनवर फॉर्मॅल्डिहाइडची प्रक्रिया केली. कोठीपोटात ते तग धरते, चौथ्या पोटाच्या आम्लात सुटते. पेंडीवर ही प्रक्रिया करून ‘बायपास प्रथिन’ बनवण्याचे काम भारतात राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने पुढे नेले. विस्कॉन्सिनमध्ये श्वाब, सॅटर आणि क्ले यांनी 1976 साली दाखवले, की जास्त दूध देणाऱ्या गाईंमध्ये पहिली टंचाई लायसिन आणि मिथिओनीनची येते. त्यातून लेप दिलेले मिथिओनीन बाजारात आले. काही लेप आम्ल लागताच विरघळतात, काही हळूहळू झिजतात. ऑस्ट्रेलियाने तर वनस्पतीच बदलून पाहिली. सूर्यफुलाच्या बियांतले गंधकबहुल प्रथिन, जे कोठीपोटात सहज फुटत नाही, त्याचे जनुक ल्युपिन या कडधान्यात घातले. 1997 साली त्या बियांत मिथिओनीन 94 टक्क्यांनी वाढल्याचे आणि पुढे तो दाणा खाणाऱ्या मेंढ्यांची लोकर 8 टक्के अधिक वाढल्याचे प्रसिद्ध झाले.

ही महाग मिथिओनीनची भुकटी कुणासाठी? दिवसाला तीस लिटर देणाऱ्या संकरित गाईसाठी तिचा हिशेब जुळू शकतो. कडब्यावर पाच-सहा लिटर देणाऱ्या गाईला आधी जंतूंचे पोट भरणे स्वस्त आणि पुरेसे: थोडा नायट्रोजन, थोडे पीठ, थोडे गंधक.

अलीकडे सल्फेटकडे नव्या कारणासाठी पाहिले जाते. सल्फेट घटवणारे जंतू हायड्रोजन वापरतात, आणि तोच हायड्रोजन मिथेन बनवणाऱ्यांनाही हवा असतो. नेदरलँड्समध्ये व्हॅन झायडरवेल्ड यांच्या गटाने 2010 साली कोकरांना आहारात सल्फेट दिले, तेव्हा मिथेन 16 टक्क्यांनी घटला. नायट्रेटने 32 टक्क्यांनी, दोन्ही मिळून 47 टक्क्यांनी. कागदावर हे आकडे मोहक आहेत. पण त्या प्रयोगात सल्फेट शुष्क भागाच्या 2.6 टक्के होते. सल्फेटच्या वजनाचा तिसरा भाग गंधक, म्हणजे एकट्या त्यातूनच जवळपास 0.87 टक्के गंधक पोटात गेले. वैरणीवरच्या जनावरासाठी सांगितलेली मर्यादा 0.5 टक्के आहे.